बोट लागली नाही, सुटता सुटता वाचली: सिंगापूर-पेनांग-फुकेत क्रूझ

आडकित्ता

‘ग्रुपने केलेली तुमची क्रूझ कशी झाली’ हा एकच प्रश्न तिघांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारला, म्हणून एकदाच इथे लिहिते. जानेवारीत आम्ही आठ जण सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ करून आलो. चार जोडपी, सगळे पन्नाशीपलीकडचे, मुलं घरी. जहाजाचं नाव देत नाही. पुढे एकदोन तक्रारी आहेत आणि मला इथे महायुद्ध नको.

मार्ग असा: पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचला सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरवरून निघायचं, दुसऱ्या दुपारी पेनांग, तिसऱ्या दुपारी फुकेत, चौथा दिवस अख्खा पाण्यात आणि पाचव्या सकाळी परत सिंगापूर. धक्क्याजवळच मरीना साउथ पिअर हे मेट्रो स्टेशन आहे. सामान आटोपशीर असेल तर टॅक्सीची गरज नाही. आमचं आटोपशीर नव्हतं.

खोल्या: दोन जोडप्यांनी बाल्कनी घेतली, दोघांनी आतली, खिडकी नसलेली. आतली स्वस्त आणि झोपेला उत्तम. दिवा मालवला की मिट्ट काळोख. आमच्या ग्रुपमधले मास्तर (हे खरंच मास्तर, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले) पहिल्या दिवशी ‘पाच मिनिटं पडतो’ म्हणाले ते रात्रीचं जेवण चुकवून उठले. पण गंमत अशी की बाल्कनीचे पैसे दोघांनी भरले आणि बाल्कनी वापरली आठ जणांनी. पुढच्या वेळी आठांत एकच बाल्कनी घ्यायची आणि त्याचे पैसे वाटून घ्यायचे असं ठरलंय. बाल्कनीवाल्यांना अजून सांगितलेलं नाही.

पहिला धक्का सामान तपासणीत बसला. मास्तरीणबाईंनी चहासाठी विजेची किटली आणली होती. एक्स-रेमध्ये दिसली, बाहेर काढली, तिला लाल चिठ्ठी बांधली, पावती हातात दिली आणि किटली गेली. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, म्हणजे तापून पेट घेऊ शकेल असं काहीही जहाजावर चालत नाही. आगीला समुद्रात पळायला जागा नसते आणि माणसालाही, हे तिथल्या मुलीने फार गोड शब्दांत समजावलं. काकू मात्र चारही दिवस ‘माझी किटली’ करत होत्या.

पैशांचं. जाहिरातीत असतो तो आकडा भाड्याचा. त्यावर बंदराचे कर आणि माणशी दर रात्रीची ग्रॅच्युइटी (म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप) येते, वायफाय वेगळं, दारू वेगळी, आणि चांगली कॉफीसुद्धा वेगळी. जेवण, नाश्ता, मधल्या वेळचं खाणं, नाटक-गाणी हे भाड्यात. जहाजावर रोकड चालतच नाही, खोलीच्या किल्लीचं कार्डच सगळीकडे दाखवायचं. इथेच घोळ होतो. ‘अरे, माझ्या कार्डावर टाक’ म्हणणारा एक उदार मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. आमच्यातल्याने दोन दिवस आठ जणांच्या कॉफ्या आणि एकदा आठ जणांच्या बिअर स्वतःच्या कार्डावर टाकल्या. तिसऱ्या रात्री टीव्हीवर स्वतःचं बिल बघितलं आणि जेवताना एकदम गप्प झाला. मग मी वही काढली. तीस वर्षांची मैत्री आहे, हिशेब कशाला, असं म्हणणाऱ्यांनीच वहीत सगळ्यात आधी डोकावलं.

आणि एक, सगळ्यात आवडलेला दिवस चौथा. काहीही बघायचं नाही, कुठे उतरायचं नाही. आठ जण आठ दिशांना गेलो. कुणी पत्ते, कुणी पोहणं, मी नुसती डेकवर पाय वर करून पडले होते. जेवायला भेटलो तेव्हा प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी होतं. केसरी रंगाच्या टोप्या घालून आठ जणांनी झेंड्यामागे फिरण्यापेक्षा हे फार बरं.

फुकेतचा किस्सा नंतर लिहिते. भाजी टाकायची आहे.

मोरावळा

वाचतेय. फुकेतचं आत्ताच लिहा, भाजी नवऱ्याला टाकू दे.

नांदेडी_पाहुणा

आमचाही पाच जणांचा ग्रुप आहे, या वर्षी जायचं घाटतंय. प्रश्न: १) बोट लागते का? मला एस्टीसुद्धा लागते. २) शाकाहारी जेवणाचं काय? ३) वादळबिदळ आलं तर?

आडकित्ता

@नांदेडी_पाहुणा, आठांपैकी कुणालाच लागली नाही. निघताना वैजनाथमामांना (नवऱ्याचे मामा, नागोठण्याचे) फोन केला तर ते म्हणाले, आल्याची वडी ठेव आणि रिकाम्या पोटी राहू नकोस. तेवढंच केलं.

शाकाहारी चोख होतं. मोठ्या उपाहारगृहात भारतीय काउंटर, जैन हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगायचं. तिसऱ्या दिवसापर्यंत मात्र पनीर बघवेना. त्या रात्री साधी पिवळी डाळ आणि भात दिसला तेव्हा आमच्या टेबलावर जी शांतता पसरली ती अख्ख्या ट्रिपमध्ये पसरली नव्हती.

वादळाचं तांडेल काकांना विचारा. काका, आहात का?

तांडेल

आहे. ३१ वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, त्यातल्या कितीतरी फेऱ्या याच पाण्यातून. क्रमाने सांगतो.

मलाक्काची सामुद्रधुनी म्हणजे एका बाजूला मलेशिया, दुसऱ्या बाजूला इंडोनेशियाचं सुमात्रा बेट. हिंदी महासागराच्या लाटा सुमात्रा अडवतो, त्यामुळे पाणी बहुतेक वेळा तळ्यासारखं. म्हणूनच आडकित्ता ताईंना बोट लागली नाही, आल्याच्या वडीला फार श्रेय देऊ नये. पेनांग सोडून फुकेतकडे वर सरकलं की अंदमानचा समुद्र लागतो, तिथे आडोसा नाही. नोव्हेंबर ते एप्रिल तो शांत असतो. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मान्सून, तेव्हा फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर चांगल्या उसळत्या लाटा असतात.

एस्टी लागणाऱ्यांनी खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. तराजूचा दांडा मध्ये हलत नाही, टोकांना हलतो, तसंच. लोक हौसेने सगळ्यात वरची, पुढची खोली घेतात आणि मग डोळे मिटून पडून राहतात. अ‍ॅव्होमिन वगैरे गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि त्रास सुरू होण्याआधी. उलटी सुरू झाल्यावर पोटात गेलेली गोळी बाहेरच येते. शिवाय तिने झोप येते.

चक्रीवादळ: विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण पाच अंशांत ते सहसा तयारच होत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला जो वळसा मिळतो तो तिथे जवळजवळ शून्य असतो. सहसा म्हणालो, कारण डिसेंबर २००१ मध्ये ‘वामेई’ नावाचं वादळ सिंगापूरच्या अगदी जवळ, विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश उत्तरेला झालं होतं. नेहमी भेटतो तो ‘सुमात्रा’ नावाचा झंझावात. पहाटे काळा ढग, जोराचा वारा, धो धो पाऊस, तासदोन तासांत खेळ खलास. मोठ्या जहाजाला त्याचं काही वाटत नाही, डेकवरच्या खुर्च्या मात्र उडतात.

चिंचोका

+१ काका. आमचं जहाज तर दीड लाख टन वजनाचं होतं, हलेल कसं!

तांडेल

वजन नाही हो. जाहिरातीत छापतात ते ग्रॉस टनेज, म्हणजे जहाजाच्या आतल्या एकूण जागेवरून काढलेला आकडा. नावात टन आहे एवढंच. तुलनेला सांगतो, टायटॅनिक याच मापात ४६ हजारांच्या आसपास होतं. तुमचं तिप्पट भरतं.

मोरावळा

फुकेत!!

आडकित्ता

हो गं बाई.

सिंगापूर आणि मलेशियाचं घड्याळ एकच, भारतापेक्षा अडीच तास पुढे. थायलंड त्यांच्यापेक्षा एक तास मागे. आमच्या जहाजाने घड्याळ बदललंच नाही, चारही दिवस सिंगापूरची वेळ. रोज रात्री खोलीत दुसऱ्या दिवसाचा कागद येतो, त्यावर वरच ठळक छापलं होतं: जहाजाची वेळ पाळा. सगळ्यांनी वाचलं. मास्तरांनी मोठ्याने वाचून दाखवलं.

फुकेतला आमचं जहाज धक्क्याला लागलं नाही. पाटोंगसमोर खोल पाण्यात नांगर टाकला आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेऊन सोडलं. याला टेंडर म्हणतात. परतीची शेवटची टेंडर साडेसातची.

मास्तरांनी उतरल्या उतरल्या तिथलं सिमकार्ड घेतलं. फोनने तिथलं नेटवर्क पकडलं आणि गुपचूप घड्याळ तासभर मागे घेतलं. आम्ही सहा जण सातला (जहाजाच्या) तरंगत्या धक्क्यावर हजर. मास्तर आणि काकू नाहीत. फोन लावला तर म्हणाले, ‘अगं, आत्ताशी सहा वाजलेत, सूर्यास्त बघून येतो, मस्त गोळा दिसतोय.’ मी म्हटलं, मास्तर, सात वाजलेत. ते म्हणाले, ‘तुझं घड्याळ चुकलंय.’ आणि ठेवला की हो फोन!

पुन्हा लावला तर काकूंनी उचलला. त्यांच्या मनगटावर जुनं किल्लीचं घड्याळ होतं, सिंगापूरला लावलेलं. त्यांनी ते बघितलं आणि पुढचं मला फोनवर नुसतं ऐकू आलं: ‘उठा. उठा म्हणते ना. चपला हातात घ्या.’

वाळूतून दोघं येताना लांबून दिसले. काकू पुढे, साडी खोचलेली, एका हातात मास्तरांची चप्पल. मास्तर मागे, एका पायात चप्पल. रांगेतली शेवटची तीसेक माणसं उरली होती. टेंडरवरच्या पोराने दोरी सोडायला हात घातला होता, त्याने आम्हा सहा जणांचे हातवारे बघून पुन्हा गुंडाळली. बसल्यावर पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग मास्तर म्हणाले, ‘रेखांशाने बघितलं तर सिंगापूर आणि फुकेतमध्ये फरक साडेपाच अंशांचा, अंशाला चार मिनिटं, म्हणजे जेमतेम बावीस मिनिटं. एक तास हा शुद्ध सरकारी कारभार आहे.’

काकूंनी चप्पल त्यांच्या मांडीवर ठेवली.

मोरावळा

मेले मी हसून. काकूंना साष्टांग नमस्कार.

चिंचोका

पण समजा सुटलीच असती तर? पासपोर्ट?

तांडेल

जहाज थांबत नाही. पुढच्या बंदरात जागा ठराविक वेळेला मिळालेली असते, पायलट (जहाज बंदरात आणणारा वाटाड्या) बोलावलेला असतो. प्रवासी आला नाही की खोलीत पासपोर्ट शोधतात, किंवा जहाजानेच जमा करून घेतले असतील तर त्यातून काढतात, आणि बंदरातल्या एजंटकडे देतात. त्या एजंटचा फोन नंबर रोजच्या कागदावर असतो. तो कागद खोलीत सोडून जाऊ नये, खिशात ठेवावा. नाहीतर निदान मोबाइलमध्ये फोटो. पुढचं विमान, हॉटेल स्वतःच्या पैशांनी. कंपनीचीच सहल घेतली असेल आणि तीच उशिरा परतली तर गोष्ट वेगळी, तेव्हा जहाज बहुधा वाट बघतं.

गुहागरची_आजी

टेंडर टेंडर काय करताय रे पोरांनो. आमच्या लहानपणी मुंबईहून कोकणात आगबोटीने जायचो. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, बंदर आलं की बोट लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव यायचा. बायका, पोरं, ट्रंका, वळकट्या, एकदा तर एक शेळी, सगळं पडावात उतरायचं. खलाशी दंडाला धरून हाताहाती खाली द्यायचे. पडाव खाली गेला की थांब, वर आला की टाक पाय! तेच तुमचं टेंडर. फक्त आमच्याकडे चुकलात तर पासपोर्टाची भानगड नव्हती.

आणि बोट लागायची बरं का. सगळ्यांना. लिंबू हुंगत बसायचं.

आडकित्ता

आजी! टेंडरमध्ये चढताना अगदी हेच. पोरगा दंड धरून म्हणाला ‘वेट, वेट, नाऊ!’

पुंगोलकर

सिंगापूरला राहतो, म्हणून कामाचं सांगतो. इथे येणारे नातेवाईक दरवेळी त्याच चुका करतात.

भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो, तोही पुन्हा आत येता येईल असा. क्रूझवरून परत उतरता तेव्हा तुम्ही नव्याने देशात येत असता. त्यामुळे अरायव्हल कार्डही दोनदा भरायचं, विमानाने येताना एकदा आणि जहाजातून उतरताना एकदा. दुसरं हमखास विसरतात आणि रांगेत उभे राहून मोबाइलवर भरत बसतात. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून आणि थायलंडने त्याच्या तीन आठवडे आधी भारतीयांना व्हिसातून सूट दिली, पण ती मुदतीने वाढवत नेतात आणि नियम बदलत राहतात. निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा. सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा पासपोर्ट असेल तर मात्र काही बघू नका, आधी नूतनीकरण करा.

च्युइंगगम आणू नका, व्हेप (ई-सिगारेट) तर अजिबात नाही. आणि खसखस! खसखस इथे अमली पदार्थांच्या नियमात सापडते. आईने प्रेमाने दिलेल्या अनारशांवरची खसखस कस्टम्सला समजावून सांगायची वेळ कुणावर येऊ नये. चकल्या आणा, लाडू आणा, अनारसे घरीच खाऊन निघा.

मोरावळा

अनारशाला बंदी! हा देश बरा चाललाय कसा?

नांदेडी_पाहुणा

पेनांगला काय बघावं? सहा-सात तास मिळतात असं दिसतंय.

आडकित्ता

आम्ही चुकलो तेवढं सांगते. मोठी टॅक्सी केली आणि पेनांग हिलची फ्युनिक्युलर (टेकडी चढणारी छोटी रेल्वे), केक लोक सी मंदिर, समुद्रकिनारा असं सगळं कोंबलं. टेकडी आणि मंदिर दोन्ही आयर इटामच्या बाजूला, म्हणजे बेटाच्या आत. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा वेळ टॅक्सीत गेला. मंदिराच्या पायऱ्या चढून वर जाईपर्यंत आमच्यातले दोघे खाली बसून राहिले.

खरं तर जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं आणि जॉर्ज टाउन तिथून चालत आहे. २००८ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, मलाक्काच्या जोडीने. गावात फुकट बसही फिरते. आर्मेनियन स्ट्रीटवर भिंतीवर रंगवलेली दोन मुलं आणि त्यांच्यापुढे खरीखुरी जुनी सायकल आहे, तिथे फोटोला रांग असते. पण मला त्याहून च्यू जेटी आवडली. पाण्यात खांब रोवून त्यावर लाकडी घरांची गल्लीच्या गल्ली, चिनी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. घरांपुढे कपडे वाळत घातलेले, एका ओटीवर एक आजोबा बनियनवर पेपर वाचत होते. आमच्याकडे त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. आपण कुणाच्या तरी दारातून जातोय हे लक्षात ठेवून हळू बोलावं.

लिटल इंडियात १८३३चं मरिअम्मनचं देऊळ आहे, तिथून दोन पावलांवर केळीच्या पानावर जेवण. तिथे आमचे दमलेले लोक माणसात आले.

पुंगोलकर

मांसाहारी असाल तर नासी कंदार सोडू नका. नासी म्हणजे भात, कंदार म्हणजे खांद्यावरची कावड. तमिळ मुसलमान विक्रेते एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला रस्सा अशी कावड घेऊन फिरायचे, त्यावरून नाव. आता दुकानं झाली, पण एकाच ताटात चार रश्श्यांचा पूर ही पद्धत तीच. आणि चेंडोल: नारळाचं दूध, ताडगूळ, बर्फ, त्यात पांदानच्या (एका सुगंधी पानाच्या) हिरव्या शेवया. कोकणातल्या माणसाला पहिल्या घासाला घरचं वाटतं.

पर्जन्यछाया

थोडं विरोधी मत. आम्ही जुलैत गेलो, कारण स्वस्त होतं. पेनांग झालं, फुकेतला जहाज पोचलं, नांगर टाकला आणि तासाभराने घोषणा झाली की लाटा जास्त आहेत, टेंडर सोडता येत नाही. डेकवरून फुकेत बघितलं. हिरवंगार होतं. परत काय मिळालं तर बंदराचा कर, तोही जहाजावरच्या खात्यात जमा. बुकिंगच्या कागदात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की बंदर गाळायचा हक्क त्यांचा. स्वस्तात का असतं ते तेव्हा कळलं. तक्रार काउंटरवर जी रांग होती ती पाटोंगपर्यंत गेली असती.

आणि मला जहाज म्हणजे तरंगता मॉल वाटला. माफ करा.

आडकित्ता

मॉल आहेच, मान्य. रात्री अकराला कसिनोच्या वाटेवरून गेलं की तसंच वाटतं. म्हणून मी पहाटे डेकवर जायचे. कुणी नसतं, फक्त डेक धुणारी मुलं.

तांडेल

पर्जन्यछाया, टेंडर न सोडण्याचा निर्णय कॅप्टनचा आणि तो बरोबरच. चढता-उतरताना माणसाचा पाय दोन बोटींच्या मध्ये सापडतो ते मी बघितलंय, त्यावर जास्त लिहीत नाही.

पहाटे आणि रात्री डेकवर जाणाऱ्यांसाठी एक. सिंगापूरहून पेनांगकडे जाताना जहाजं उजवी बाजू धरून, म्हणजे मलेशियाच्या अंगाने चालतात आणि समोरून येणारी वाहतूक डाव्या हाताला, सुमात्राच्या अंगाने. त्यामुळे जाताना डाव्या बाजूची बाल्कनी घ्यावी. सूर्यास्त तिथेच आणि रात्री समोरून येणाऱ्या जहाजांचे दिवे तिथेच, एकामागे एक. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक आहे तो.

आणि आकाश निरभ्र असेल तर ध्रुवतारा शोधा. मुंबईत तो क्षितिजापासून एकोणीस अंश वर असतो. सिंगापूरला जेमतेम एक अंश, म्हणजे धुक्यात गेलाच. पेनांग-फुकेतकडे थोडा वर येतो. ‘अढळ’ म्हणून लहानपणापासून ऐकलेला तारा पहिल्यांदा नाहीसा झाला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. दक्षिणेला त्रिशंकू मात्र छान वर. जानेवारीत त्यासाठी पहाटेच उठावं लागेल, आणि जहाजाच्या उजेडापासून लांब कोपरा शोधावा लागेल.

चिंचोका

काका, यावर वेगळा धागा काढा ना.

नांदेडी_पाहुणा

परदेश नको म्हणणारे दोघे आहेत आमच्यात. देशात काही?

तांडेल

लक्षद्वीप. कोचीहून एम. व्ही. कवरत्ती जाते, ‘समुद्रम’ नावाचं पॅकेज: कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. दिवसा बेटावर, रात्री जहाजावर. परमिट लागतं, वेळेत अर्ज करा. हे मूळचं प्रवासी जहाज आहे, कसिनो आणि नाचगाणी शोधू नका, आणि त्या तिन्ही बेटांवर दारूबंदी आहे हे ग्रुपला आधीच सांगा. बेटाजवळ पाणी उथळ, त्यामुळे तिथेही लहान होडीतूनच उतरायचं. आजींचा पडाव इथेही आहे.

गुहागरची_आजी

शेळी चालेल का विचारा.

नांदेडी_पाहुणा

सर्वांचे आभार. जानेवारी, मध्यावरची खालची खोली, जाताना डावी बाजू, प्रत्येकाचं कार्ड वेगळं आणि मनगटावर किल्लीचं घड्याळ. लिहून घेतलंय.

आडकित्ता ताई, एक राहिलंच. किटलीचं काय झालं?

आडकित्ता

शेवटच्या सकाळी उतरताना एका टेबलावर जप्त केलेल्या वस्तू मांडल्या होत्या. पंधरावीस किटल्या, तेवढ्याच इस्त्र्या, सगळ्यांना लाल चिठ्ठ्या. काकूंनी पावती दाखवली, नंबर जुळला, किटली पिशवीत टाकली. डोंबिवलीला घरी येऊन उघडली तर झाकण दुसऱ्याच किटलीचं. बसतं, पण पाणी उकळलं की नाचतं.